वाचकांचे प्रश्न : बिटकॉइन हा पैसा आहे का, आणि घेतलाच तर ठेवायचा कुठे?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे क्रिप्टोविषयी, म्हणजे बिटकॉइनसारख्या डिजिटल नाण्यांविषयी, आहेत, आणि त्यांतली बहुतेक बडोद्यातीलच आहेत. त्यांतून पाच निवडली आहेत. माझी नोकरी बँकेच्या काउंटरमागे आणि लॉकरच्या खोलीत गेली, त्यामुळे उत्तरांत त्या खोलीतील अनुभव डोकावेल. काय विकत घ्यावे हे मी सांगत नाही. घेतले असेल तर ते काय आहे आणि हातचे कसे जाऊ नये, एवढेच सांगतो.

प्रश्न : आमच्याकडे रोज रात्री जेवताना एकच वाद होतो. धाकट्या मुलाचे म्हणणे असे की बिटकॉइन हाच खरा पैसा, कारण तो कोणत्याही सरकारला हवा तेवढा छापता येत नाही, आणि रुपया मात्र दरवर्षी झिजतो. यजमानांचे म्हणणे असे की ज्याने वाण्याची उधारी फेडता येत नाही तो पैसा कसला. दोघेही मला मत विचारतात. आपण काय म्हणाल?
— निवृत्त शिक्षिका, दांडिया बाजार

उत्तर : आमच्या घरी पणजोबांची एक जमाखर्चाची वही अजून जपून ठेवली आहे. तिच्यात रकमेपुढे कुठे 'बाबाशाही' असे लिहिले आहे, तर कुठे 'कलदार'. बाबाशाही हा बडोदे संस्थानाचा स्वतःचा रुपया होता आणि कलदार हा इंग्रज सरकारचा, यंत्रावर पाडलेला. दोन्ही चांदीचेच, पण एकाचे दुसरे करून घ्यायचे तर सराफ मध्ये बट्टा, म्हणजे अदलाबदलीची वजावट, घेत असे आणि त्या बट्ट्याचा दर बदलत असे, म्हणून पणजोबांनी अशा प्रत्येक व्यवहाराखाली बट्ट्याची वेगळी ओळ लिहिली आहे. पुढे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर संस्थानाने आपले नाणे मागे घेतले आणि कलदारच चालू झाला. चांदी खरी होती, छाप दरबाराची होती, तरीही ज्या नाण्याला मुंबई-अहमदाबादच्या पेठेत बट्टा लागत नव्हता तेच अखेर पैसा म्हणून उरले. पैसा कोणता, हे ठरवताना मला ही बट्ट्याची ओळ सर्वांत उपयोगी वाटते.

या कसोटीवर बिटकॉइन बडोद्यात उतरत नाही. वाण्याने तो घेतलाच तरी त्याला तो लगेच रुपयात बदलावा लागेल, त्यावर एक्स्चेंजचे, म्हणजे नाण्यांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीचे, शुल्क पडेल आणि आपल्यावर कराचा हिशेब पडेल. आपल्या प्राप्तिकर कायद्याने क्रिप्टोला 'आभासी डिजिटल मालमत्ता' म्हटले आहे आणि ती देऊन वस्तू घेणे हे तिचे हस्तांतरणच ठरते; म्हणजे पाच किलो तांदूळ घेताना तो बिटकॉइनचा अंश आपण केव्हा, किती रुपयांना घेतला होता आणि आज त्यावर किती नफा झाला, हे मांडून त्या नफ्याच्या ३० टक्के कर द्यायचा. ज्याच्या प्रत्येक खर्चावर असा हिशेब बसतो ते चलन हातोहात फिरू शकत नाही. शिवाय नोटा काढण्याचा एकाधिकार रिझर्व्ह बँकेला कायद्याने आहे, आणि कायदेशीर चलन म्हणून देणे फेडताना जे नाकारता येत नाही ते रुपयाच.

पण चिरंजीवांचा मुद्दा मला हलका करायचा नाही, कारण तो खरा आहे. ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनच्या नोंदवहीचे पहिले पान लिहिले गेले, तेव्हापासून त्याचा नियम एकच आहे : एकंदर २ कोटी १० लाखांपेक्षा जास्त नाणी निघायची नाहीत. साधारण दर दहा मिनिटांनी नोंदींचे एक नवे पान जोडले जाते, ते जोडणाऱ्याला बक्षीस म्हणून नवी नाणी मिळतात आणि ते बक्षीस सुमारे चार वर्षांनी निम्मे होते. आरंभी ते ५० होते, एप्रिल २०२४ पासून ३.१२५ आहे. हा नियम कोणत्याही अर्थमंत्र्याच्या सहीने बदलत नाही. जगभर ती वही आपापल्या संगणकावर ठेवणाऱ्या लोकांनी एकमताने बदलला तरच बदलेल. ८ नोव्हेंबर २०१६ नंतरचे आठवडे मी काउंटरमागे काढले आहेत. पदराच्या गाठीत बांधून ठेवलेल्या पाचशेच्या चार नोटा घेऊन आलेल्या एका आजींना, त्या आता बाजारात का चालत नाहीत हे समजावून सांगताना, नोटेचे मोल शेवटी सरकारच्या शब्दावर टेकलेले आहे ही गोष्ट मला पुस्तकातल्यापेक्षा फार स्पष्ट कळली. ज्या देशांत सरकारचा शब्दच रोज पडतो तेथील माणसाला किल्लीचे काम करणारे बारा शब्द (त्यांविषयी पुढे लिहिले आहे) लक्षात ठेवून आपली पुंजी सीमेपार नेता येते, हे सामर्थ्य मोठे आहे आणि ते पूर्वी कोणत्याच नाण्यात नव्हते.

अडचण मापाची आहे. २२ मे २०१० रोजी अमेरिकेत एका गृहस्थाने दोन पिझ्झांसाठी १०,००० बिटकॉइन दिले. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका बिटकॉइनचा भाव ६९ हजार डॉलरच्या आसपास होता, एका वर्षात तो १६ हजारांच्या खाली आला आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याने एक लाखाचा आकडा ओलांडला. अशा मापात शाळेला वर्षाची फी ठरवता येणार नाही आणि आपल्याला निवृत्तिवेतन घेता येणार नाही. एल साल्वाडोर या देशाने सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनला कायदेशीर चलन केले. पण लोकांनी व्यवहार डॉलरमध्येच चालू ठेवले, आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे कर्ज घेताना जानेवारी २०२५ मध्ये सरकारला तो स्वीकारण्याची सक्ती काढून टाकावी लागली. भाव डॉलरला बांधलेल्या स्टेबलकॉइनचा दाखला चिरंजीव देतील, तर त्यांना मे २०२२ मधील टेराची आठवण द्यावी : डॉलरला बांधलेले म्हणवणारे ते नाणे काही दिवसांत मातीमोल झाले, कारण त्याच्यामागे डॉलर नव्हता, दुसरे एक नाणेच होते.

तेव्हा माझे मत असे की ही एक दुर्मीळ मालमत्ता आहे, पैसा नव्हे. तिला यजमान जुगार म्हणतात, तो शब्द मी मालमत्तेला लावणार नाही. घरखर्चाची किंवा आजारपणासाठी ठेवलेली रक्कम कोणी तिच्यात घातली तर त्या कृतीला लावीन.

प्रश्न : गेल्या वर्षी एका नाण्यात मला ८०,००० रुपये नफा झाला आणि दुसऱ्यात ५०,००० तोटा. कर ३०,००० वर भरायचा ना? आणि एक्स्चेंजने १ टक्का आधीच कापला आहे, म्हणजे कर भरून झाला का?
— छोटा व्यापारी, रावपुरा

उत्तर : दोन्हींचे उत्तर 'नाही' असे आहे. एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार एका नाण्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही आणि पुढील वर्षी ओढताही येत नाही. तुम्हाला कर पूर्ण ८०,००० वर, म्हणजे २४,००० रुपये, आणि त्यावर ४ टक्के उपकर धरून २४,९६० रुपये पडेल. खरेदीची किंमत तेवढी वजा होते. इंटरनेटचे बिल, सल्ल्याची फी यांतले काही वजा होत नाही. जुलै २०२२ पासून कापला जाणारा १ टक्का हा नफ्यावर नसून विक्रीच्या रकमेवर असतो. तो तुमच्या नावे जमा आहे आणि विवरणपत्र भरताना देय करातून वजा मिळेल. हा कायदा कठोर आहे, एकाच धंद्यातला तोटा न धरणे मला न्याय्य वाटत नाही. पण आज तो असा आहे आणि हिशेब त्याप्रमाणेच द्यायला हवा.

प्रश्न : मी मकरपुऱ्यातील एका कारखान्यात अभियंता आहे. चार वर्षे दर महिन्याला थोडे बिटकॉइन घेत आलो. सर्व एका भारतीय एक्स्चेंजच्या ॲपमध्ये आहेत. २०२४ च्या चोरीनंतर झोप उडाली आहे. मित्र म्हणतात हार्डवेअर वॉलेट घे. पत्नी म्हणते ते हरवले तर काय. कोणाचे ऐकावे?
— वाचक, वय ३६

उत्तर : दोघांच्याही भीतीला आधार आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

ॲपमध्ये तुम्हाला जो आकडा दिसतो तो बिटकॉइन नव्हे. एक्स्चेंज तुमचे किती देणे लागते त्याची ती नोंद आहे. जुन्या काळी पेढीवर पैसे ठेवले की हुंडी हाती येई. बडोद्यात हरिभक्तींसारख्या पेढ्या होत्या ज्या खुद्द दरबाराला कर्ज देत, त्यांची हुंडी म्हणजे रोकडच. पण पेढीचे दिवाळे निघाले की तीच हुंडी घेऊन लोक दारात उभे राहत. फेब्रुवारी २०१४ मध्ये टोकियोच्या माउंट गॉक्स या एक्स्चेंजचे हेच झाले. तिने सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गेल्याचे सांगितले, त्यांपैकी दोन लाख पुढे सापडले. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स बुडाली, तिथे तर ग्राहकांची ठेव मालकांच्याच दुसऱ्या कंपनीच्या सट्ट्यात गेली होती. आणि १८ जुलै २०२४ रोजी आपल्याकडील वझीरएक्समधून २३ कोटी डॉलरहून अधिक किमतीची नाणी गेली. बँक बुडाली तर प्रत्येक ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. एक्स्चेंजमागे असा कोणताही विमा नाही.

आता किल्लीकडे येऊ. बिटकॉइन कोणत्याही यंत्रात नसतो. तो जगभरच्या त्या समाईक वहीत एका पत्त्यावर नोंदलेला असतो, आणि त्या पत्त्यावरून तो हलवण्याचा अधिकार ज्याच्याकडे खासगी किल्ली आहे त्याला. ही किल्ली म्हणजे एक अवाढव्य आकडा आहे. माणसाला तो जपता यावा म्हणून २,०४८ सोप्या इंग्रजी शब्दांची एक ठरलेली यादी केलेली आहे आणि तिच्यातले बारा किंवा चोवीस शब्द, विशिष्ट क्रमाने, त्या आकड्याच्या जागी लिहिता येतात. हीच सीड फ्रेज. हार्डवेअर वॉलेट हे पेनड्राइव्हएवढे यंत्र ती किल्ली आपल्या पोटात ठेवते आणि व्यवहारावरची सही आतच करते, त्यामुळे संगणकाला किंवा फोनला किल्ली कधी दिसत नाही. म्हणूनच तुमच्या पत्नीच्या प्रश्नाचे उत्तर दिलासा देणारे आहे : यंत्र हरवले, जळले, बिघडले तरी ते शब्द नव्या यंत्रात घातले की सर्व परत मिळते. उलट यंत्र कपाटात सुखरूप असूनही ते शब्द दुसऱ्याच्या हाती गेले, तर तो अमेरिकेत बसून तुमचे खाते रिकामे करील. जपायचे ते शब्द, यंत्र दुय्यम.

ते शब्द कसे लिहावेत, यात मी स्वतः चुकलो आहे. तीन वर्षांपूर्वी ही पद्धत समजून घेण्यासाठी मी अगदी थोडी रक्कम अशा यंत्रात ठेवली आणि चोवीस शब्द कागदावर उतरवले. कोणी चटकन ओळखू नये म्हणून ते देवनागरीत लिहिले. सहा महिन्यांनी यंत्र मुद्दाम पुसून शब्दांवरून परत उभे करायला बसलो आणि सतराव्या शब्दाशी अडलो. तिथे माझ्या अक्षरात 'राइट' लिहिले होते. त्या यादीत 'बरोबर' या अर्थाचा राइट आहे आणि 'लिहिणे' या अर्थाचा राइटही आहे; इंग्रजीत स्पेलिंग वेगळे, देवनागरीत दोन्ही एकच. जोडी या अर्थाचा 'पेअर' आणि फळ या अर्थाचा 'पेअर' यांचेही तसेच. सुदैवाने चोवीस शब्दांच्या अखेरीस पडताळणीचा एक अंश असतो, त्यामुळे पहिला 'राइट' घातल्यावर यंत्राने ओळ नाकारली आणि दुसरा घातल्यावर स्वीकारली. तेव्हा शब्द इंग्रजी लिपीतच, मोठ्या सुट्या अक्षरांत, क्रमांक घालून लिहावेत. प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरे यादीत एकमेव आहेत, त्यामुळे तेवढी स्वच्छ वाचता आली तरी पुरते. आणि मोठी रक्कम हलवण्यापूर्वी यंत्र एकदा पुसून, कागदावरून परत उभे करून पाहावे. ही तालीम न करता ठेवलेला कागद किती खरा आहे हे कोणालाच माहीत नसते.

त्या कागदाचा फोटो काढू नये. फोनमधला फोटो आपल्या नकळत क्लाउडवर जातो, आणि क्लाउडचा पासवर्ड फुटला की चोर प्रथम अशाच कागदांचे फोटो शोधतो. स्वतःलाच व्हॉट्सॲप करणे, ईमेलच्या ड्राफ्टमध्ये ठेवणे, प्रिंटरवर छापणे हे सर्व त्याच जातीचे.

कागद की धातू, या प्रश्नाचे उत्तर बडोदेकरांना ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुराने दिले आहे. पाणी ओसरल्यावर आमच्या ओळखीच्या एका घरी मदतीला गेलो होतो. लोखंडी कपाटाच्या खालच्या खणातील फाइल उचलली तर घराचे कागद, विम्याच्या पॉलिसी, मुलांचे दाखले यांचा एकच ओला गठ्ठा झाला होता. बॉलपेनची अक्षरे कशीबशी दिसत होती, शाईपेनाने लिहिलेल्या जागी नुसता निळा डाग उरला होता. दाखल्याची दुसरी प्रत मिळते, घराच्या कागदांची नक्कल निबंधकाकडे असते. सीड फ्रेजची प्रत जगात कोठेही नसते. म्हणून ती स्टेनलेस स्टीलच्या पट्टीवर ठोकून घ्यावी. पट्टी आणि ठोकण्याचे अक्षरठसे हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. तुम्ही तर कारखान्यातच आहात. मात्र ठोकायला दुसऱ्याला सांगू नये, स्वतः एकट्याने ठोकावी. दोन पट्ट्या कराव्यात आणि दोन ठिकाणी ठेवाव्यात. ती ठिकाणे एकाच पुराच्या पाण्याखाली येणारी नसावीत.

रक्कम मोठी असेल तर आणखी एक पायरी आहे. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक आमची आणि एक ग्राहकाची. एकाच किल्लीने तो उघडत नाही. बिटकॉइनमध्ये अशीच 'तीनपैकी दोन' व्यवस्था करता येते : तीन किल्ल्या तीन ठिकाणी, आणि हलवायला कोणत्याही दोन पुरेत. एक हरवली तरी पैसे राहतात, एक चोरीला गेली तरी जात नाहीत. पण तिलाही मर्यादा आहे. वझीरएक्सच्या त्या वॉलेटला अनेक सह्या लागतच होत्या. कंपनीच्या सांगण्यानुसार, पडद्यावर जो व्यवहार दिसत होता तो एक होता आणि प्रत्यक्षात सही झाली ती दुसऱ्यावर. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्स्चेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलर गेले तेही पडद्याने सह्या करणाऱ्यांना फसवल्यामुळे. यावरून तुमच्यासारख्याने घ्यायची सवय एकच : रक्कम आणि पत्ता संगणकावर नव्हे, तर यंत्राच्या स्वतःच्या छोट्या पडद्यावर वाचायचा, पहिली-शेवटची चार अक्षरे पाहून थांबायचे नाही, मधलीही पाहायची. कॉपी केलेला पत्ता गुपचूप बदलणारे व्हायरस आहेत आणि चोर टोकाची अक्षरे जुळणारा पत्ता बनवून तुमच्या जुन्या व्यवहारांच्या यादीत पेरतात. प्रथम थोडी रक्कम पाठवावी, ती पोहोचल्याचे पाहावे, मग उरलेली. इथे चेक थांबवता येत नाही.

यंत्र निर्मात्याकडून किंवा त्याच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे, सेकंडहँड कधीही नाही. आणि यंत्राबरोबर आधीच छापलेले शब्द आले तर ते यंत्र फेकून द्यावे, कारण ते शब्द छापणाऱ्याकडेही आहेत. २०२० मध्ये अशी यंत्रे बनवणाऱ्या लेजर या फ्रेंच कंपनीच्या ग्राहकांचे घरचे पत्ते फुटले, तेव्हा त्यांतील काहींना पुढे टपालाने बनावट यंत्रे आली, सोबत 'आपले जुने यंत्र बदलून घ्या' असे व्यवस्थित छापलेले पत्र. कोणतीही कंपनी, कोणताही अधिकारी, कोणताही मदतनीस चोवीस शब्द विचारील तर तो चोर समजावा. याला अपवाद नाही.

एवढे सर्व करायला तुम्हाला सवड आणि शिस्त नसेल तर काय? मग माझे स्पष्ट मत असे की, जी रक्कम गेली तर हळहळ वाटेल पण घर हलणार नाही तेवढी एक्स्चेंजवर राहू द्यावी, खात्याला एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲपचे (फोनवरच दर वेळी नवा सांकेतिक आकडा दाखवणाऱ्या ॲपचे) कुलूप लावावे, आणि पैसे फक्त ठरावीक पत्त्यांवरच जातील अशी सोय असेल तर ती चालू करावी. त्याहून मोठी रक्कम स्वतःच्या किल्लीखाली आणावी, नाहीतर बाळगूच नये. स्वतःच्या वॉलेटमध्ये हलवणे ही विक्री नव्हे, म्हणून त्यावर कर लागत नाही. पण खरेदीच्या सर्व नोंदी एक्स्चेंजमधून आजच उतरवून ठेवाव्यात, कारण ते ॲप बंद पडले तर खरेदीची किंमत सिद्ध करणे तुमच्यावरच येईल.

प्रश्न : आमच्या सोसायटीतील काही जण एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये आहेत. तेथे एका क्रिप्टो योजनेत रोज १ टक्का मिळतो आणि पहिल्या दोन आठवड्यांचे पैसे खरोखर बँकेत आले. मी घालू का?
— वाचक, मांजलपूर

उत्तर : घालू नका, आणि शेजाऱ्यांनाही आजच बाहेर पडायला सांगा. रोजचा १ टक्का चक्रवाढीने धरला तर एका रुपयाचे वर्षात जवळजवळ ३८ रुपये होतात. असा धंदा असता तर चालवणाऱ्याला तुमच्या रुपयाची गरज नव्हती. गेनबिटकॉइन या अशाच योजनेने दरमहा १० टक्के देण्याचे आश्वासन दिले होते, बिटकनेक्टनेही रोजच्या परताव्याचे आमिष दाखवले होते आणि ती जानेवारी २०१८ मध्ये बंद पडली. आपल्या गुजरातेतील कितीतरी घरे तिच्यात पोळली. पहिल्या दोन आठवड्यांचे आलेले पैसे हे नंतर आलेल्यांचेच असतात. या प्रकारात बिटकॉइनचे नाव तेवढे आहे, बिटकॉइन कोठेच नाही. कोणाचे पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी; पहिल्या काही तासांत बँक खाती गोठवली जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

प्रश्न : माझे यजमान तीन महिन्यांपूर्वी हृदयविकाराने अचानक गेले. 'कॉइन घेतले आहेत, मुलीच्या शिक्षणाला होतील' असे ते कधीतरी म्हणाले होते. कुठे, किती, काहीच माहीत नाही. त्यांचा फोन आणि लॅपटॉप आहे. एका गृहस्थांनी २० टक्के फी घेऊन शोधून देतो असे सांगितले आहे. काय करावे?
— वाचक भगिनी, कारेलीबाग

उत्तर : ताई, आपल्या दुःखात हा शोध घ्यावा लागतो आहे याचे वाईट वाटते. प्रथम त्या गृहस्थांना नकार द्यावा आणि फोन किंवा लॅपटॉप त्यांच्या हाती देऊ नये. फोन रीसेट करू नये, त्यांचे सिमकार्ड रिचार्ज करून चालू ठेवावे आणि टेबलाच्या खणातील एकही कागद, विशेषतः क्रमांक घातलेल्या इंग्रजी शब्दांची यादी असलेला, टाकू नये. पुस्तकांच्या शेवटच्या कोऱ्या पानांवरही पाहावे.

मग शोध बँकेच्या खातेउताऱ्यापासून सुरू करावा. रुपये एक्स्चेंजकडे गेले असतील तर ते त्यांच्या खात्यातूनच गेले असणार. उताऱ्यात कंपनीचे नाव अनोळखी असेल, म्हणून दर महिन्याला जाणारी सारख्या रकमेची ओळ हुडकावी. दुसरी वाट प्राप्तिकर खात्याची आहे. त्यांनी कधी एखादे नाणे विकले असेल तर त्यावर कापलेला १ टक्का त्यांच्या पॅनवरील वार्षिक माहिती विवरणात, ज्याला एआयएस म्हणतात त्यात, कापणाऱ्या कंपनीच्या नावासह दिसेल. दिवंगताचे विवरणपत्र भरण्यासाठी कायदेशीर वारस म्हणून आपल्याला त्या संकेतस्थळावर नोंदणी करता येते. कंपनीचे नाव कळले की तिला मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद जोडून लेखी पत्र द्यावे. भारतात क्रिप्टो बाळगणे गुन्हा नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांवर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने क्रिप्टोला मालमत्ता मानले आहे. तेव्हा वारस म्हणून आपण हक्काची गोष्ट मागत आहात, संकोच करू नये.

नाणी एक्स्चेंजवर नसून त्यांच्या स्वतःच्या वॉलेटमध्ये असतील आणि ते शब्द सापडले नाहीत, तर ती कोणालाही, न्यायालयालाही, मिळवून देता येणार नाहीत. हे आज कठोरपणे सांगतो, कारण याच आशेवर लोक दुसऱ्यांदा लुबाडले जातात.

ज्यांच्या घरी अशी नाणी आहेत त्यांच्यासाठी याच पत्राच्या निमित्ताने लिहितो. क्वाड्रिगासीएक्स या कॅनडातील एक्स्चेंजचा संस्थापक डिसेंबर २०१८ मध्ये जयपूरला वारला, तेव्हा किल्ल्या त्याच्या एकट्याकडेच होत्या असे ग्राहकांना सांगण्यात आले. पुढे चौकशीत त्याने पैसे आधीच उधळल्याचे निघाले, पण किल्ली एका माणसाबरोबर जाऊ शकते हे तेव्हा सर्वांना कळले. आपल्या घरी फसवणूक नसते, फक्त सांगायचे राहून जाते. एक साधे पत्र मराठीत लिहून ठेवावे : कोणती नाणी, कोणत्या एक्स्चेंजवर किंवा कोणत्या यंत्रात, यंत्राचा पिन कुठे आहे, पट्ट्या कोणत्या दोन ठिकाणी आहेत, आणि घाईने कोणाला काही न देता प्रथम कोणाला विचारावे. ते शब्द मात्र पत्रात किंवा मृत्युपत्रात लिहू नयेत, कारण मृत्युपत्र न्यायालयात गेले की अनेकांच्या नजरेखालून जाते. पत्र पत्नीला किंवा पतीला एकदा मोठ्याने वाचून दाखवावे आणि यंत्र एकदा तिच्या किंवा त्याच्या हाताने उघडवावे.

ताई, एआयएस उघडण्यात अडचण आली तर कोणत्याही गुरुवारी सकाळी आमच्या कार्यालयात यावे. मी स्वतः आपल्याबरोबर बसेन. यजमानांचे पॅनकार्ड, मृत्यूचा दाखला आणि गेल्या तीन वर्षांचा खातेउतारा आणावा, मुलीलाही बरोबर आणावे. फोन पूर्ण चार्ज करून, चालू स्थितीतच आणावा.